यंत्र ओळखले गेले नाही

संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जरा वर, एक लहानसा फुगा उमटतो. त्यात इंग्रजीत लिहिलेले असते की, आपण जोडलेल्या एका यूएसबी यंत्रात बिघाड झाला असून विंडोजला ते ओळखता येत नाही. वाचकांपैकी बहुतेकांनी तो कधी ना कधी पाहिला असेल. पाहिल्यावर आपण काय करतो तेही ठरलेलेच आहे. यंत्र उपसून काढतो, टोकावर फुंकर मारतो, पुन्हा खुपसतो आणि तरीही काही झाले नाही की यंत्र खराब आहे असा निवाडा देऊन मोकळे होतो. त्या वाक्यातच दोष यंत्राच्या माथी मारून ठेवलेला असल्यामुळे आपल्यालाही ते सोयीचे जाते. मीही कित्येक वर्षे हेच करीत आलो होतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये जबलपूरला एका शिबिरात जे घडले, त्यानंतर मात्र ते वाक्य मी निराळ्या नजरेने वाचू लागलो.

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. दाखला न आल्यास निवृत्तिवेतन थांबते. आला की थकबाकीसह पुन्हा सुरू होते. ‘थकबाकीसह’ हा शब्द हिशेबाच्या वहीला समाधान देणारा असला, तरी मधल्या महिन्यांत त्यावर चूल पेटत नाही. ही दरसालची यातायात कमी व्हावी म्हणून १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही सेवा सुरू झाली. बोटाचा ठसा अथवा बुबुळाची प्रतिमा घ्यायची, ती आधारच्या नोंदीशी ताडून पाहायची आणि हयातीचा दाखला संगणकावरूनच परस्पर बँकेकडे पाठवायचा, अशी तिची रचना. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. आमच्या कार्यालयाने त्या वर्षी जिल्ह्यातील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांसाठी शिबिर भरवले, त्याची जबाबदारी माझ्याकडे होती आणि सकाळी साडेदहाला ‘आता दाखल्यासाठी कोणाला खेटे घालावे लागणार नाहीत’ असे छोटेसे भाषणही मीच केले होते.

तळमजल्यावरच्या सभागृहात एका टेबलावर लॅपटॉप, त्याला चार तोंडांचा एक हब, आणि हबला माऊस, प्रिंटर व ठसे घेणारा स्कॅनर, असा सारा सरंजाम होता. दुपारपर्यंत अठरा दाखले झाले. बाराच्या सुमारास कार्यालयाची इंटरनेटची लाईन गेली. आमचा डेटा एन्ट्री ऑपरेटर, विशीतला, हुशार आणि उत्साही मुलगा, जराही न गडबडता खिशातून स्वतःचे डेटाकार्ड काढून हबच्या चौथ्या तोंडात लावून मोकळा झाला. दोन मिनिटांत इंटरनेट परत आले. मी त्याची पाठ थोपटली. ती थाप किती महाग पडली, हे संध्याकाळपर्यंत मला कळायचे नव्हते.

त्यानंतर पुढे आली ती पाटनच्या बाजूच्या एका गावातली म्हातारी. (हे पाटन जबलपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवरचे; आपले साताऱ्याचे पाटण नव्हे.) नवरा संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यात कामगार होता, तो गेल्यापासून कुटुंब निवृत्तिवेतनावर तिचे चालत होते. सकाळी आठला निघून, एक बस आणि एक टेंपो बदलून ती आली होती. तिने स्कॅनरवर अंगठा ठेवला. काही उमटले नाही. पुन्हा ठेवला. पडद्यावर ठसा घेता आला नाही अशा अर्थाचा संदेश आला. ऑपरेटरने तिला बोट पुसायला लावले, मग ओल्या रुमालाने पुसायला लावले, मग तर्जनी, मग डावा हात. दहाही बोटे झाली. मधूनमधून लॅपटॉपमधून ते दोन सुरांचे उतरते ‘टुंगटुंग’ ऐकू येत होते आणि कोपऱ्यात फुगा उमटत होता. ऑपरेटर तो प्रत्येक वेळी फुलीवर टिचकी मारून बंद करी, कारण त्याच्या मागे फॉर्मची चौकट झाकली जात होती.

“बीडी बनाई है साहब, चालीस साल,” ती आपली बोटे माझ्यापुढे धरून म्हणाली. “घिस गई होंगी.”

जबलपूरच्या आसपास विड्या वळणे हा हजारो बायांचा घरबसल्याचा धंदा. तेंदूच्या पानावरून वर्षानुवर्षे फिरलेली तिची बोटे खरोखरच गुळगुळीत होती. कष्टकऱ्यांचे आणि वृद्धांचे ठसे यंत्राला उमगत नाहीत, ही अडचण सर्वश्रुत आहे. मी तिच्यावर वाचलेही होते. त्यामुळे निदान माझ्या डोक्यात आधीच तयार होते आणि म्हातारीने ते स्वतःच माझ्या हाती आणून दिले. तिच्या मागे चौदा माणसे उभी होती. त्यांतल्या पुढच्या दोघांचेही ठसे लागेनात. तेही सत्तरीच्या पुढचे, म्हणजे तेही माझ्या निदानात चपखल बसले. साडेतीनला मी सर्वांना सांगितले की, यंत्राची थोडी अडचण आहे, कृपया उद्या यावे. म्हातारीला मात्र मी जास्तीचा सल्ला दिला. “अम्मा, रात को थोड़ा तेल लगा लीजिए उँगलियों पर.” ती बरं म्हणाली आणि निघाली. तिच्या येण्याजाण्याचे भाडे किती झाले असेल, हे विचारायचे माझ्या लक्षात आले नाही.

माणसे गेल्यावर आम्ही यंत्राच्या मागे लागलो. येथे कबूल करायला हवे की, पहिला तासभर आम्ही जे केले त्याला शोध म्हणता येणार नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. स्कॅनरचा ड्रायव्हर काढून टाकला आणि पुन्हा बसवला. त्याच झटक्यात विषाणूरोधक बंद केला, विंडोजचे एक अद्ययावतन उलटे फिरवले आणि स्कॅनर हबच्या दुसऱ्या तोंडात लावला. एकदा स्कॅनर चालला आणि आम्ही टाळी दिली; दोन मिनिटांनी तो पुन्हा गेला. यांतल्या कोणत्या कृतीने तो चालला आणि कोणत्या कारणाने गेला, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’ ही अट आम्हाला पहिल्या वर्षी पहिल्या आठवड्यात घोटवून घेतात. आयुष्यभर इतरांच्या टिपण्यांवर ‘यातील नेमक्या कोणत्या घटकाचा हा परिणाम?’ असा शेरा मारणारा मी, समोरच्या चार तारांच्या बाबतीत एका वेळी पाच गोष्टी बदलत होतो.

सहाला आमचा लेखा शाखेतील एक सहकारी डोकावला. त्याने काही न बोलता स्कॅनर उचलला, वरच्या मजल्यावर स्वतःच्या संगणकाला लावला आणि परत येऊन सांगितले की, स्कॅनर ठीक आहे. मग त्याने स्वतःचा पेन ड्राईव्ह आमच्या हबला लावला. तो कधी दिसे, कधी नाहीसा होई. मग त्याने स्कॅनर हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये घातला. लाल दिवा लागला आणि तो लागलेलाच राहिला. साऱ्याला मिळून सात मिनिटे लागली असतील. यंत्र दुसऱ्या संगणकावर लावून पाहायचे, मग त्याच जागी दुसरे यंत्र लावून पाहायचे, मग मधला दुवा काढून टाकायचा. प्रत्येक वेळी एकच बदल. घरी पेन ड्राईव्ह, प्रिंटर किंवा मोबाईल ओळखला जात नसेल तर वाचकांनीही याच क्रमाने जावे. निम्म्याहून अधिक वेळा ड्रायव्हरपर्यंत पोहोचायची गरजच पडत नाही. मेजावरच्या संगणकाची पुढची पोर्टे आतल्या एका लांब वायरीने जोडलेली असतात, ती सैल होते. मागची थेट मुख्य पट्टीवर बसवलेली असतात, म्हणून आधी मागे लावून पाहावे. मोबाईलच्या काही स्वस्त केबलींत तर केवळ विजेच्या दोनच तारा असतात, माहितीच्या दोन नसतातच. अशा केबलीने फोन चार्ज होतो पण संगणकाला दिसत नाही, आणि माणूस फोन दुरुस्तीला नेतो.

नंतर त्याने शेवटची कृती केली. स्कॅनर पुन्हा हबला लावला आणि चौथ्या तोंडातले डेटाकार्ड काढले. स्कॅनर उत्तम चालला. डेटाकार्ड पुन्हा घातले. टुंगटुंग. फुगा.

“सर, बारा वाजता काय बदललं होतं?” त्याने विचारले. प्रश्न साधा होता. तो मी दुपारी विचारायला हवा होता.

त्या रात्री कुतूहल म्हणून मी या यूएसबीच्या कारभाराविषयी वाचले आणि मला फार ओळखीच्या ठिकाणी आल्यासारखे वाटले. तारा चारच: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. नवे यंत्र जोडले की ते माहितीच्या दोन तारांपैकी एकीवरचा विद्युतदाब वर खेचून धरते. हा झाला रुजू अहवाल. संगणक ती खूण पाहतो, यंत्र जरा स्थिरावू देतो आणि त्याला कोरे करतो. नवागताचा पत्ता सर्वांचा सारखाच, शून्य. म्हणून एका वेळी एकालाच रुजू करून घेतले जाते. मग त्याला १ ते १२७ मधला एक क्रमांक मिळतो आणि त्याच्याकडे वर्णनपत्र मागितले जाते: उत्पादक कोण, यंत्राचा प्रकार कोणता, वीज किती लागेल. ते पाहून त्याच्या प्रकाराचा ड्रायव्हर शोधून त्याला काम दिले जाते. या साऱ्याला इंग्रजीत ‘एन्यूमरेशन’ म्हणतात. जनगणनेत प्रगणक दारोदार जाऊन जे करतो, त्यालाही तोच शब्द आहे. ‘यंत्र ओळखता आले नाही’ याचा अर्थ बहुधा इतकाच की, कोणीतरी दारात उभे आहे हे कळले, पण त्याला विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे धड उत्तर कानावर आले नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिले तर तेथे पिवळा त्रिकोण आणि त्रुटी क्रमांक ४३ दिसतो. क्रमांक २८ दिसला तर प्रकरण निराळे: माणूस ओळखला गेला आहे, पण त्याच्यासाठी ड्रायव्हरच नाही. बदली होऊन रुजू झालेल्या पण टेबलखुर्ची न मिळालेल्या अधिकाऱ्याची ही अवस्था मी दोनदा भोगली आहे.

विजेची बाब तर सरळ अर्थसंकल्पीय. यूएसबीच्या २.० आवृत्तीत नव्या यंत्राला न मागता १०० मिलिअँपिअरपर्यंत वीज वापरता येते. आपल्याकडच्या स्थायी अग्रिमासारखे. त्याहून जास्त हवी असल्यास वर्णनपत्रात मागणी नोंदवावी लागते आणि संगणक ५०० पर्यंत मंजुरी देतो. स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब ही मात्र अवघड जागा आहे. त्याला वरून मिळतात ५०० आणि नियमाप्रमाणे तो खाली प्रत्येक तोंडाला १०० पेक्षा जास्त देऊ शकत नाही. त्याने हे प्रामाणिकपणे सांगितले तर संगणक जास्त मागणाऱ्या यंत्राला तेथेच नकार देतो आणि कारणही कळवतो. पण बाजारातले पुष्कळ स्वस्त हब आपला स्वतंत्र पुरवठा असल्याचे खोटेच सांगतात. मग संगणक वर बसून सर्वांच्या मागण्या मंजूर करतो आणि खाली द्यायला काही नसते. डेटाकार्ड जोरात चालू असताना एकटेच ५०० च्या आसपास ओढू शकते. सिग्नल जितका क्षीण, तितकी त्याची ओढ अधिक, आणि आमच्या तळमजल्यावर सिग्नल क्षीणच होता. स्कॅनरचा दिवा लागला की त्याचीही भूक वाढे. दाब कोसळे, स्कॅनरला ग्लानी येई आणि त्याच क्षणी त्याला विचारलेल्या प्रश्नाला तो उत्तर देऊ शकत नसे. वरच्या कार्यालयाच्या दफ्तरी मात्र नोंद अशी की, यंत्रात बिघाड आहे.

तरतूद मंजूर असल्याचे कागदोपत्री दिसते आणि तालुक्याच्या ठिकाणी पैसा पोहोचलेला नसतो, तेव्हा ‘क्षेत्रीय कर्मचाऱ्यांची उदासीनता’ असा शेरा आपण किती अहवालांवर मारला, याचा हिशेब मी त्या रात्री मांडू लागलो आणि लवकरच सोडून दिला.

ज्यांनी ही यूएसबीची पद्धत घडवली त्यांचा हेतू मात्र सामान्य माणसाची सोय हाच होता. त्यापूर्वी माऊसला निराळे छिद्र, प्रिंटरला निराळे, मोडेमला निराळे, आणि प्रत्येक नव्या यंत्रासाठी संगणक उघडून सेटिंगे बदलावी लागत. जानेवारी १९९६ मध्ये पहिली आवृत्ती जाहीर झाली. तिच्या जनकांपैकी अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, हे बडोदेकर मराठी वाचकांना सांगायची गरज नाही. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमक्ष विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना एक यूएसबी यंत्र जोडले गेले आणि भर सभेत निळा पडदा आला. जोडलेले यंत्र योगायोगाने स्कॅनरच होते. त्या सभेत प्रेक्षक मनमुराद हसले. आमच्या सभागृहात कोणी हसले नव्हते, कारण तिथे यंत्र खराब आहे असे कोणाला वाटलेच नव्हते. माणसांची बोटे खराब आहेत असे वाटले होते.

मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये ‘ओ-रिंग’ नावाने ओळखला जाणारा सिद्धांत मांडला. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर हे अंतराळयान ज्या रबरी कड्याच्या अपयशामुळे नष्ट झाले, त्यावरून हे नाव. अनेक टप्प्यांच्या कामात एका टप्प्यातली कसर दुसऱ्या टप्प्यातील उत्कृष्टतेने भरून निघत नाही. टप्प्यांची गुणवत्ता बेरजेने नव्हे तर गुणाकाराने ठरते, असे त्याचे थोडक्यात सूत्र. मी कागद घेऊन आमच्या शिबिराचे टप्पे मोजले. वीज, लॅपटॉप, हब, केबल, स्कॅनर, ड्रायव्हर, स्कॅनरची नोंदणीकृत सेवा, इंटरनेट, पलीकडचा सर्व्हर आणि शेवटी बोट. दहा झाले. प्रत्येक टप्पा शंभरातून ९५ वेळा बिनचूक चालतो असे धरले, तरी दहाही एकाच वेळी चालण्याची शक्यता शंभरात ६० च्या आत येते. आणि चाळीस जण जेव्हा परत जातात, तेव्हा आपण त्यांना दहाव्या टप्प्यावर उभे करून बाकीच्या नवांची चूक त्यांच्या पदरात घालतो, कारण रांगेत डोळ्यांसमोर असतो तो तेवढाच टप्पा.

यंत्राला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझी आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दर नोव्हेंबरात ती गावच्या बँकेत जाई, तिथला कारकून तिचा विद्यार्थी निघे, तो “बाई, बसा” म्हणून यादी पुढे करी आणि ती सही करी. याहून सुखाची ओळखपरेड नसेल. पण जो कोणाचाच विद्यार्थी, शेजारी किंवा भाचा नाही त्याला त्याच खिडकीवर काय अनुभव येतो, तेही मी पाहिले आहे; आणि माणूस गेल्यानंतर वर्षानुवर्षे त्याच्या नावे निघत राहिलेली निवृत्तिवेतनेही पाहिली आहेत. कोणाचे तोंड न पाहता ओळखणारे यंत्र हवेच.

मला झोप लागू दिली नाही ती गोष्ट वेगळी होती. हयातीचा दाखला संगणकावरच द्यावा अशी सक्ती त्या वेळी नव्हती आणि आजही नाही. विहित नमुन्यातील कागदी दाखल्यावर स्वाक्षरी करण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांत दंडाधिकारी आहेत, ठाणेदार आहेत, पोस्टमास्तर आहेत. आणि राजपत्रित अधिकारीही आहे. म्हणजे मी. ती बाई माझ्यापासून दोन हातांवर बसली होती, बोलत होती, दहाही बोटे मला दाखवत होती. तिची बँकेची वही आणि आधार कार्ड टेबलावर होते. माझ्या खिशात पेन होते. पडताळणी करून सही करायला मला पाच मिनिटे पुरली असती. पण शिबिर ‘डिजिटल’ असल्यामुळे कागदी नमुना कोणी आणलाच नव्हता, आणि ती हयात आहे हे यंत्राने सांगेपर्यंत मलाही ते सांगता येते, हे मी तीन तास विसरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी चौदांपैकी अकरा आले, सर्वांचे ठसे पहिल्या दुसऱ्या प्रयत्नात लागले. तेराव्या बाईंनी तर यंत्राला नमस्कार केला. म्हातारी आली नाही. ऑपरेटरने नोंदवहीतला मोबाईल क्रमांक लावून पाहिला, तो बंद होता. रविवारी मी कागदी नमुने आणि स्कॅनर घेऊन, ऑपरेटरलाही बरोबर घेऊन, पाटनकडे निघालो. त्याला मीच बोलावले होते, शिक्षा म्हणून नव्हे. पाठ मी थोपटली होती, तेव्हा निम्मा वाटा माझा होता. त्या भागात नोव्हेंबर म्हणजे वाटाण्याचा हंगाम. शेतांच्या कडेला पोती भरली जात होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. म्हातारी अंगणात शेंगा सोलत होती. मी नमुना पुढे केला तर ती म्हणाली, दाखला झाला. शुक्रवारी नातवाने तिला गावाजवळच्या बँकेच्या शाखेत नेले होते. तिथल्या व्यवस्थापकाने कागद भरून घेतला, तिच्याकडे पाहिले आणि सही केली. “आपके यहाँ फिर आते तो सौ रुपया और लगता,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर त्यात नव्हता, हिशेबाचा होता. मी माफी मागितली. ती तिला फारशी समजली असे वाटले नाही. साहेब रविवारी घरी आला याचाच तिला अधिक घोर लागला होता, आणि चहा होईपर्यंत तिने नातवाला दोन वेळा दुकानात पिटाळले.

चहा पिता पिता तिने विचारले, “मशीन ठीक हो गई, साहब?”

झाली, म्हटले. मशीन बिघडलीच नव्हती, तिला वीज कमी पडत होती, असे मी सांगू लागलो. तिने ते ऐकून घेतले आणि मग आपला उजवा हात थोडासा पुढे केला. चार रात्री ती मोहरीचे तेल लावत होती.

ऑपरेटरने न सांगता लॅपटॉप उघडला. स्कॅनर थेट पोर्टमध्ये लावला, मध्ये काही ठेवले नाही. इंटरनेट लागत नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. स्कॅनरबरोबर आलेल्या चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठसा नुसता पाहता येतो. म्हाताऱ्या अंगठ्याखाली लाल दिवा लागला आणि पडद्यावर रेघा उमटल्या. बारीक, मधूनमधून तुटलेल्या, पण स्पष्ट. नातू वाकून पाहू लागला. तिने डोळे बारीक करून त्या बराच वेळ पाहिल्या.

“यह हमारा है?”

“आपका ही है, अम्मा.”

तिने अंगठा काढला, पदराला पुसला आणि तर्जनी ठेवली. मग मधले बोट. मग ऑपरेटरला लॅपटॉप जरा आपल्याकडे वळवायला सांगून, डावा हात.